कंट्रोल-सी कुठं अडलं?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

जुलै महिना सरत आला होता. पीक विम्याचे अर्ज भरायची मुदत दोन दिवसांवर आलेली. रात्री साडेनऊच्या सुमारास केज तालुक्यातल्या एका गावातून माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. गावात तो सेवा केंद्र चालवतो. म्हणाला, "सर, कंट्रोल-व्ही चालंना झालंय. कॉपी बी होईना अन् पेस्ट बी होईना. बाहेर तीस-पस्तीस माणसं बसलीत. सकाळी बीडला जाऊन विंडोज मारून आणू का?"

त्याची अडचण समजून घ्या. गेल्या वर्षीच्या अर्जदारांची माहिती त्यानं एक्सेलच्या तक्त्यात नीट जपून ठेवली होती. नाव, गट नंबर, आधार क्रमांक. तिथून उचलायचं आणि अर्जाच्या चौकटीत टाकायचं. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. एका अर्जाला पाच-सात मिनिटं. हेच सगळं हातानं टाइप करायचं म्हटलं तर वेळ दुप्पट लागणार, चुका होणार, आणि बाहेर बसलेल्यांतली निम्मी माणसं परत जाणार. त्यात सकाळी लॅपटॉप बीडला न्यायचा म्हणजे मुदतीतला एक अख्खा दिवस गेला.

'विंडोज मारणे' हा आपल्याकडचा रामबाण उपाय. लॅपटॉप हळू चालतो, मार विंडोज. आवाज येत नाही, मार विंडोज. म्हणजे सगळं पुसून विंडोज पुन्हा नव्यानं टाकायची. दुकानदाराला ते सोपं जातं, कारण मग बिघाड कुठं होता हे शोधत बसावं लागत नाही. गिऱ्हाइकाला मात्र ते कधी कधी फार महाग पडतं. ती हकिकत पुढं येईलच.

माजलगावच्या उजव्या कालव्यावर ज्यांची जमीन आहे त्यांना एक गोष्ट मी सांगायला नको. शेवटच्या शेतात पाणी आलं नाही म्हणून कोणी धरण दुरुस्त करायला घेत नाही. माणूस चारी धरून वर चालत जातो. शेजाऱ्याच्या बांधाला पाणी आहे का? आहे. मग फूट त्याच्या आणि आपल्या मधेच आहे. नाही? मग आणखी वर. लॅपटॉपच्या बटणांचंही असंच बघायचं असतं. बटण दाबल्यापासून काम होईपर्यंत निरोप चार ठिकाणांहून जातो. पहिलं ठिकाण म्हणजे बटण स्वतः, दुसरं लॅपटॉपच्या आतली कीबोर्डची चिप, तिसरं विंडोज आणि चौथं आपण ज्यात काम करतो तो प्रोग्रॅम. निरोप कुठं अडला तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

हा निरोप जातो कसा, तेही थोडं बघू. लॅपटॉपच्या बटणाखाली रबराची एक छोटी टोपी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ थर. त्या थरांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात, आडव्या आणि उभ्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकतात. चिप सेकंदाला कित्येक वेळा या रेषा तपासत असते. कोणती जोडी टेकली हे पाहून ती एक आकडा पुढं पाठवते आणि बटण सुटलं की दुसरा निरोप पाठवते. बटणावर 'सी' छापलंय हे त्या चिपला ठाऊक नसतं. तिला फक्त जागा ठाऊक असते. त्या जागेचं अक्षर कोणतं, हे विंडोज ठरवते.

मग कंट्रोल-सी म्हणजे काय? कंट्रोल दाबल्याचा निरोप आला, सुटल्याचा अजून आला नाही, आणि मधेच सीच्या जागेचा निरोप आला. एवढंच. दोन बटणांपैकी एकाचाही निरोप चुकला तर सगळं बिघडतं. म्हणूनच एकेक अक्षर छान उमटत असतानाही शॉर्टकट मात्र बंद पडतात, आणि माणूस गोंधळतो की कीबोर्ड तर चांगला आहे, मग झालंय काय!

फोनवर मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला. हे सगळीकडे होतंय, की फक्त विम्याच्या अर्जात? नोटपॅड उघड, दोन शब्द टाइप कर आणि तिथं करून बघ. नोटपॅड हा विंडोजमधला सगळ्यात साधा प्रोग्रॅम. त्याला स्वतःचं डोकं जवळपास नाहीच. तिथं शॉर्टकट चालला तर खोट चौथ्या ठिकाणी, म्हणजे त्या विशिष्ट प्रोग्रॅममध्ये. तिथंही चालला नाही तर वर जायचं. त्याचा नोटपॅडमध्येही चालला नाही.

दुसरा प्रश्न. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून काय होतं? या तिकडीची गोष्ट मजेची आहे. आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला. तो तयार होत असताना डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरनं ही तीन बटणं एकत्र जोडली. काम करता करता मशीन अडकलं की वीज बंद न करता ते पुन्हा सुरू करता यावं, आणि चुकून मात्र तसं होऊ नये, एवढाच हेतू. पुढं विंडोजनं या तिकडीला वेगळंच महत्त्व दिलं. हा निरोप थेट विंडोजकडं जातो, मधला कोणताही साधा प्रोग्रॅम तो अडवू शकत नाही. त्यामुळं बिघाड शोधायला ती फार उपयोगी. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनं लॉक, साइन आउट वगैरे लिहिलेला पडदा आला तर ती बटणं धडधाकट आहेत आणि गडबड वरच्या मजल्यावर आहे. नाही आला तर संशय बटणांवरच.

त्याचा आला नाही.

"आता उजव्या बाजूचं कंट्रोल दाबून कर."

"आला की सर!"

म्हणजे डाव्या कंट्रोलचा निरोपच निघत नव्हता. मी विचारलं, चहा सांडला होता का? थोडा वेळ तिकडं शांतता. मग म्हणाला, "परवा पोरानं थोडासा..." साखरेचा चहा हा कीबोर्डचा मोठा वैरी. साध्या पाण्यापेक्षा वाईट, कारण पाणी उडून जातं आणि साखर चिकटून राहते. (सांडलाच तर ताबडतोब लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा आणि उपडा घालून ठेवायचा. 'एवढं पान संपवतो' म्हणत बसायचं नाही.) कीबोर्ड साफ करणं किंवा बदलणं हे काम करावंच लागणार होतं, पण मुदत संपल्यावर. त्या रात्री उजव्या कंट्रोलवर भागलं. ज्यांच्या लॅपटॉपला उजवं कंट्रोलच नाही त्यांनी काय करावं? २०२४ पासून आलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर त्या जागी कोपायलटचं बटण बसलंय. त्यांच्यासाठी एक जुनी वाट अजून उघडी आहे. शिफ्ट आणि इन्सर्ट एकत्र दाबलं की पेस्ट होतं, शिफ्ट आणि डिलीटनं कट होतं. त्यात कंट्रोल लागतच नाही. कंट्रोल-व्हीच्या गर्दीत ही जोडी लोक विसरून गेले.

कंट्रोलचं बटण मेलंय का, याची खात्री करायची आणखी एक रीत आहे. स्टार्टवर क्लिक करून ओ, एस, के ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं. त्यातलं कंट्रोल माउसनं दाबा, मग सी दाबा. चित्रातल्या बटणांनी कॉपी झालं आणि खऱ्या बटणांनी नाही झालं, तर विंडोज निर्दोष. हा पडद्यावरचा कीबोर्ड उघडायला शॉर्टकटही आहे, पण त्यात कंट्रोल लागतं. म्हणजे दुखणं त्याच बटणाचं आणि औषधाची बाटलीही त्याच बटणानं उघडायची! म्हणून तो सांगत नाही.

इथवरचं काम बटणाचं आणि चिपचं झालं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ तिसऱ्या ठिकाणच्या असतात. बटणं उत्तम असतात, विंडोजला नकळत काहीतरी वेगळं सांगून ठेवलेलं असतं.

आपल्या मराठी माणसाचा खास घोटाळा भाषेचा. विंडोजवर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घेतलेला असतो. ही मांडणी १९८६ सालची, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेली. त्यात सीच्या जागी 'म' येतो, व्हीच्या जागी 'न' आणि एक्सच्या जागी अनुस्वार. भाषा बदलायला डावं ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी असते. ती दुसरंच काही दाबताना चुकून दाबली जाते आणि भाषा बदलते. आपल्याला पत्ता नसतो. आता विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम शहाणे आहेत. मराठी चालू असतानाही ते बटणाची जागा ओळखतात आणि कंट्रोल-सी नीट करतात. पण काही प्रोग्रॅम जागा बघत नाहीत, अक्षर बघतात. त्यांच्या लेखी तुम्ही 'कंट्रोल-म' दाबलेलं असतं. असा शॉर्टकट त्यांनी जन्मात ऐकलेला नसतो, मग ते गप्प बसतात. म्हणून शॉर्टकट अडला की पहिली नजर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारच्या भाषेच्या नावाकडं टाकायची. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करायचं आणि पुन्हा बघायचं. दोन सेकंदांचं काम.

आता सी आणि व्हीच का, असं मुलं विचारतात. सी म्हणजे कॉपी हे ठीक, पण पेस्टला पी का नाही? कट, कॉपी आणि पेस्ट ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. टेस्लर नंतर ॲपलमध्ये गेले. तिथल्या १९८३ च्या लिसा या संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही ही एका ओळीतली चार शेजारची बटणं या कामांना नेमली गेली. डावा हात न हलवता चारही सापडतात, हेच त्यामागचं शहाणपण. टेस्लर २०२० साली गेले. म्हणजे अक्षरापेक्षा जागा महत्त्वाची हा हिशेब पहिल्यापासूनचाच आहे.

दुसरा घोटाळा रुपयाच्या चिन्हाचा. ते चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं आणि 'इंग्लिश (इंडिया)' नावाच्या कीबोर्डवर उजवं ऑल्ट आणि चार ही जोडी त्याला मिळाली. या मांडणीत उजवं ऑल्ट हे नुसतं ऑल्ट राहत नाही. विंडोज त्याला कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखं धरते. त्यामुळं उजव्या ऑल्टनं केलेले शॉर्टकट चालत नाहीत आणि उलट कंट्रोल-ऑल्टच्या एखाद्या शॉर्टकटऐवजी भलतंच चिन्ह उमटतं. उपाय एवढाच, की शॉर्टकटसाठी डावं ऑल्ट वापरायचं.

तिसरा घोटाळा घरात लहान मूल असेल तर हमखास. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज विचारते, 'स्टिकी कीज' हवं का? मूल 'यस' दाबतं. मग कंट्रोल सोडलं तरी विंडोज ते धरून ठेवते. लागोपाठ दोनदा दाबलं तर कुलूपच लागतं. त्यानंतर पी टाइप करायला जावं तर प्रिंटची खिडकी उघडते, एस दाबावं तर फाइल सेव्ह होते. लॅपटॉपला भूत लागल्यासारखं वाटतं. तसंच उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर 'फिल्टर कीज' नावाची सोय विचारली जाते. ती चालू झाली की भराभर दाबलेली बटणं विंडोज मोजतच नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात कीबोर्ड, तिथं दोन्ही बंद करता येतात. मात्र या सोयींना शिव्या देऊ नका. ज्याला एकच हात वापरता येतो त्यानं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कसं दाबायचं? त्याच्यासाठी हे केलंय. ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी दुसरं. सोय चांगली आहे, ती फक्त नकळत चालू होते.

चौथी गोष्ट म्हणजे शॉर्टकटची पळवापळवी. एसटी फलाटावर लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. प्रोग्रॅमही तेच करतात. चालू झाल्या झाल्या एखादा प्रोग्रॅम विंडोजला सांगून ठेवतो, 'अमुक जोडी माझी.' मग तीच जोडी दुसऱ्यानं मागितली तर विंडोज नाही म्हणते. एके काळी बऱ्याच लॅपटॉपांवर कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की अख्खा पडदा उलटा व्हायचा. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरनं ती जोडी धरून ठेवलेली असायची. माझ्या वर्गातल्या पोरांनी या एका शॉर्टकटवर किती शिक्षकांना घाम फोडला असेल, मोजदाद नाही. विंडोज ११ मध्येही २०२३ पासून प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं की पडद्याचं चित्र काढायची खिडकी उघडते. पूर्वी ते बटण गुपचूप चित्र उचलायचं, त्यामुळं जुन्या सवयीच्या माणसाला ते बिघडलं असंच वाटतं. ते सेटिंग्जमध्ये पुन्हा पहिल्यासारखं करता येतं. इतर पळवापळवीत घड्याळाशेजारचे छोटे प्रोग्रॅम एकेक करून बंद करायचे आणि दर वेळी शॉर्टकट करून बघायचा. एवढा धीर नसेल तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाऊन करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि रीस्टार्ट वेगळं. विंडोज ८ पासून शट डाऊनच्या वेळी विंडोज आपली काही अवस्था जपून ठेवते, सकाळी लवकर उठता यावं म्हणून. त्यात कालचं दुखणंही कधी कधी जपलं जातं. रीस्टार्टनं पाटी कोरी होते.

एक्सेलवाल्यांसाठी एक. बाण दाबला की चौकट सरकायच्या ऐवजी सगळा तक्ताच सरकतो, ही तक्रार तलाठी कार्यालयापासून साखर कारखान्यापर्यंत ऐकू येते. ते स्क्रोल लॉक. आता गंमत अशी, की कित्येक लॅपटॉपांवर स्क्रोल लॉकचं बटणच नसतं. मघाच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर ते असतं, तिथं माउसनं बंद करायचं.

आता ती महाग पडलेली हकिकत. अंबाजोगाईचे एक निवृत्त शिक्षक. गावाकडच्या जात्यावरच्या ओव्या आणि म्हणी त्यांनी बारा-पंधरा वर्षं गोळा करून लॅपटॉपवर लिहून ठेवल्या होत्या. फाइलचं नाव बदलायला ते एफ-टू दाबत. एक दिवस एफ-टू दाबलं की पडद्याचा उजेड कमी-जास्त व्हायला लागला. एका दुकानात दाखवलं. दुकानदारानं नेहमीचा उपाय केला आणि पाचशे रुपये घेतले. गुरुजी घरी आले, एफ-टू दाबलं. पुन्हा उजेड कमी! आणि ओव्यांची फाइल गायब. पेनड्राइव्हवर अर्धीमुर्धी जुनी प्रत निघाली, ती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. लिखाण जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होतं, आणि तो फॉन्टही विंडोजबरोबर पुसला गेला होता. फॉन्ट आम्ही शोधून पुन्हा टाकला, प्रत वाचता आली. उरलेलं गेलं ते गेलंच. ज्या म्हाताऱ्यांनी त्या ओव्या सांगितल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत.

गुरुजींचा बिघाड काय होता? लॅपटॉपच्या एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह बटणांना दोन कामं असतात. एक जुनं, एफ-टूचं आणि एफ-फाइव्हचं. दुसरं आवाजाचं, उजेडाचं. कोणतं काम आधी, हे खालच्या कोपऱ्यातलं एफएन नावाचं बटण ठरवतं. अनेक लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ही अदलाबदल कायमची होते. काहींवर ती बायॉसमध्ये असते. बायॉस म्हणजे विंडोजच्याही खाली, मशीनच्या चिपमध्ये बसलेला प्रोग्रॅम. विंडोज शंभर वेळा पुसून टाकली तरी तिथलं काही हलत नाही. गुरुजींचं बोट केव्हातरी एफएन-एस्केपवर पडलं होतं. मी तीच जोडी पुन्हा दाबली आणि एफ-टू ठीक झालं. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पिशवीत ठेवला.

त्यानंतर मी फोनवर कुणालाही आधी एकच विचारतो, तुमचं लिखाण, फोटो, हिशेब दुसऱ्या कुठं ठेवलेत का? मगच बाकीचं.

केजच्या मुलाचा त्या रात्री अकरा वाजता पुन्हा फोन आला. काम जोरात चाललं होतं, पण एक अडचण. "सर, उजव्या कंट्रोलनं सगळीकडं पेस्ट होतंय. फक्त बँकेचा खाते नंबर दुसऱ्यांदा भरायचा असतो ना, तिथं होईना. तिथं बी काही बिघाड आहे का?"

तो बिघाड नव्हता. पैशाच्या कामाच्या बऱ्याच वेबसाइटांवर खाते नंबरची दुसरी चौकट मुद्दाम अशी बांधलेली असते, की तिथं पेस्ट चालूच नये. पहिल्या चौकटीत एखादा आकडा चुकला आणि तोच उचलून दुसऱ्या चौकटीत टाकला, तर दोन्ही चुका जुळतात आणि यंत्र म्हणतं, सगळं बरोबर. मग नुकसानभरपाई आली तरी ती त्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. वेबसाइट बांधणारे अशी अडवणूक नको तिथंही करतात, पासवर्डच्या चौकटीतसुद्धा. त्याचा मला राग येतो. खाते नंबरपाशी मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे.

त्याला सांगितलं, तिथं तक्ता बघू नकोस. पासबुक समोरच्या माणसाच्या हातात दे आणि आकडे त्याला मोठ्यानं वाचायला लाव.

फोन टेबलावर तसाच चालू राहिला असावा. पलीकडून एक म्हातारा आवाज येत होता. चष्मा शोधायला थोडा वेळ लागला, मग सावकाश एकेक आकडा. सहा. शून्य. शून्य. मधेच मुलगा म्हणाला, "आबा, थांबा. इथं तर माझ्याकडं सात आहे." पुन्हा पासबुक उजेडात धरलं गेलं. आबा म्हणाले, "एक हाय रं बाबा, एक."